क्लाउडवरील माहिती : कोणती टिकते, कोणती पुसली जाते?

दिवसाचे काम संपले की संगणक बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावा, ही सवय आता सर्वांच्याच अंगवळणी पडली आहे. बंद संगणकातील फाइली रात्रीतून नाहीशा होतील, अशी शंका कोणाच्या मनातही येत नाही. मात्र हीच सवय भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरच्या बाबतीत महागात पडू शकते. तेथे सर्व्हर ‘बंद’ करण्याचा एक साधा आदेश दिल्यावर त्यातील काही माहिती जशीच्या तशी राहते, तर काही कायमची नष्ट होते. कोणती राहील आणि कोणती जाईल, हे ती कोणत्या प्रकारच्या डिस्कवर लिहिली आहे यावर अवलंबून असते. सर्व्हरच्या आत काम करणाऱ्याला मात्र या दोन्ही डिस्क जवळपास सारख्याच दिसतात.

रुग्णालये, महाविद्यालये, सहकारी संस्था, वाचनालये आणि लहान उद्योग अशा अनेकांचे कामकाज आता स्वतःच्या यंत्राऐवजी क्लाउडवर चालते. त्यामुळे तात्पुरती साठवण आणि कायमस्वरूपी साठवण यांतील भेद समजून घेणे ही केवळ तंत्रज्ञांची गरज राहिलेली नाही.

एक काल्पनिक उदाहरण

एखाद्या जुन्या वाचनालयाने आपल्याकडील दुर्मीळ मराठी ग्रंथांचे संगणकीकरण हाती घेतले आहे, अशी कल्पना करू. ग्रंथांची पाने स्कॅन करायची, त्यांतील मजकूर सॉफ्टवेअरच्या साह्याने अक्षरबद्ध करायचा आणि स्वयंसेवकांनी तो तपासून शुद्ध करायचा, अशी योजना आहे. त्यासाठी वाचनालयाने एक क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतला. त्यात दोन डिस्क दिसल्या. एक लहान होती व तिच्यावर कार्यप्रणाली होती. दुसरी बरीच मोठी, वेगवान आणि पूर्णपणे रिकामी होती. साहजिकच सर्व पाने आणि शुद्ध केलेला मजकूर मोठ्या डिस्कवर ठेवण्यात आला.

सहा आठवडे काम सुरळीत चालले. मधल्या काळात अनेकदा सर्व्हर ‘रीबूट’ करावा लागला, परंतु प्रत्येक वेळी माहिती जागेवर सापडली. त्यामुळे सर्वांचा विश्वास बसला. पुढे दिवाळीची सुटी लागली. आठवडाभराचे भाडे वाचावे म्हणून व्यवस्थापकाने नियंत्रण पटलावर जाऊन सर्व्हर ‘स्टॉप’ केला. सुटीनंतर तो सुरू केला तेव्हा कार्यप्रणाली होती, सॉफ्टवेअर होते, मोठी डिस्कही होती. पण ती पहिल्या दिवसासारखीच कोरी होती.

ग्रंथ कपाटात असल्याने पाने पुन्हा स्कॅन करता येतील. स्वयंसेवकांनी ओळीगणिक केलेल्या दुरुस्त्या मात्र परत मिळणार नाहीत. या प्रसंगात कोणतेही यंत्र बिघडलेले नाही, कोणी घुसखोरी केलेली नाही आणि सेवा देणाऱ्या कंपनीने करारभंगही केलेला नाही. सर्व काही नियमाप्रमाणेच घडले आहे. म्हणूनच हा नियम काय आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

आभासी सर्व्हरची रचना

क्लाउडवरील सर्व्हर हा स्वतंत्र यंत्र नसतो. माहिती केंद्रातील एका शक्तिशाली यंत्रावर विशेष सॉफ्टवेअरच्या साह्याने अनेक आभासी सर्व्हर तयार केले जातात. प्रत्येकाला प्रक्रियाशक्ती, स्मृती आणि साठवण यांचा ठरावीक वाटा मिळतो. आपल्या शेजारी त्याच यंत्रावर दुसरे कोण आहे, हे भाडेकरूंना ठाऊक नसते.

या सर्व्हरला साठवण दोन मार्गांनी पुरवता येते. पहिल्या मार्गात ज्या यंत्रावर आभासी सर्व्हर चालतो, त्याच यंत्रात बसवलेल्या डिस्कचा एक भाग त्याला दिला जातो. ही तात्पुरती साठवण होय. दुसऱ्या मार्गात डिस्क त्या यंत्रात नसतेच. ती माहिती केंद्रातील साठवणुकीच्या वेगळ्या यंत्रसमूहावर असते आणि अंतर्गत नेटवर्कमार्फत सर्व्हरला जोडली जाते. ही कायमस्वरूपी साठवण होय.

लॉजमधील खोलीतले कपाट आणि बँकेतील लॉकर यांच्याशी या दोहोंची तुलना करता येईल. खोली आपल्याकडे आहे तोपर्यंत कपाट आपले असते व ते हाताशीही असते. खोली सोडली की ते रिकामे करून पुढच्या पाहुण्याला दिले जाते. लॉकरपर्यंत जाण्यास थोडा वेळ लागतो आणि त्याचे भाडे वेगळे द्यावे लागते. परंतु आपण कोणत्या खोलीत उतरलो आहोत याच्याशी त्याचा संबंध नसतो.

‘रीबूट’ आणि ‘स्टॉप’ यांतील फरक

वाचनालयाच्या उदाहरणात माहिती रीबूटनंतर टिकली आणि स्टॉपनंतर गेली. याचे कारण या दोन क्रियांच्या स्वरूपात आहे. रीबूट म्हणजे त्याच यंत्रावर, त्याच जागी कार्यप्रणाली नव्याने सुरू करणे. यात खोली बदलत नाही, म्हणून कपाटही तेच राहते.

स्टॉप म्हणजे त्या यंत्रावरील आपला वाटा सोडून देणे. प्रक्रियाशक्तीचे भाडे थांबते ते याच कारणाने. आपण सोडलेली जागा दुसऱ्या ग्राहकाला देण्यास कंपनी मोकळी होते. पुढे आपण सर्व्हर सुरू केला, की तो सामान्यतः दुसऱ्याच यंत्रावर जागा होतो. तेथील स्थानिक डिस्क अर्थातच रिकामी असते.

जुन्या यंत्रावरील माहिती परत का मिळवता येत नाही, असा प्रश्न येथे उद्भवतो. एका ग्राहकाची माहिती पुढच्या ग्राहकाच्या दृष्टीस पडू नये, यासाठी ती वाचता न येण्याजोगी करणे कंपनीवर बंधनकारकच असते. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या आधुनिक स्थानिक डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात लिहिली जाते आणि सर्व्हर थांबवला किंवा संपुष्टात आणला की ती उलगडणारी किल्लीच नष्ट केली जाते. त्यामुळे मदत कक्षाला कितीही विनंती केली, तरी ती माहिती परत देणे कोणाच्याही हाती राहत नाही. जी व्यवस्था आपल्या गोपनीयतेचे रक्षण करते, तीच आपल्या चुकीला मागे फिरण्याची वाट ठेवत नाही.

याशिवाय ज्या यंत्रावर सर्व्हर चालतो ते यंत्र किंवा त्यातील डिस्क नादुरुस्त झाली, तरीही स्थानिक साठवणुकीवरील माहिती जाते. सर्व्हर कायमचा संपुष्टात आणल्यावर, म्हणजे ‘टर्मिनेट’ केल्यावर, ती जाते हे तर उघडच आहे.

हा भेद निर्माण कसा झाला?

ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवण सेवा आणि ऑगस्ट २००६ मध्ये ईसी-टू ही आभासी सर्व्हरची सेवा चाचणी स्वरूपात सुरू केली. प्रारंभीच्या सर्व्हरमध्ये १.७ गिगाबाइट स्मृती आणि १६० गिगाबाइटची स्थानिक डिस्क होती व त्याचे भाडे तासाला १० अमेरिकी सेंट होते. त्या काळी या सर्व्हरला दुसरी डिस्कच नव्हती. कार्यप्रणालीसह सर्व काही तात्पुरत्या साठवणुकीवर असे. माहिती टिकवायची तर ती नियमितपणे एस-थ्रीकडे पाठवणे, हाच प्रमुख मार्ग होता.

डेटाबेस चालवणाऱ्यांना ही व्यवस्था अत्यंत गैरसोयीची होती. सर्व्हर कोसळला, तर शेवटची प्रत घेतल्यानंतरचे सर्व व्यवहार हरवत. ही उणीव दूर करण्यासाठी ऑगस्ट २००८ मध्ये ‘इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर’ अर्थात ईबीएस ही सेवा आली. तीमुळे १ गिगाबाइटपासून १ टेराबाइटपर्यंतची स्वतंत्र डिस्क तयार करून सर्व्हरला जोडता येऊ लागली. डिसेंबर २००९ मध्ये कार्यप्रणालीही अशा डिस्कवरून सुरू करण्याची सोय झाली आणि सर्व्हर थांबवून नंतर पुन्हा सुरू करणे त्यानंतरच शक्य झाले. त्याआधी सर्व्हर एकतर चालू असे किंवा कायमचा संपलेला असे.

येथे एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. आज सर्वांना तात्पुरती साठवण हा अपवाद वाटतो आणि कायमस्वरूपी साठवण हा नियम वाटतो. क्लाउडच्या आरंभी हे नेमके उलट होते.

कंपनीगणिक बदलणारी नावे आणि नियम

ॲमेझॉनमध्ये तात्पुरत्या साठवणुकीस ‘इन्स्टन्स स्टोअर’ म्हणतात. ती सर्वच सर्व्हरना मिळत नाही. ठरावीक प्रकारांनाच मिळते.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझूर सेवेत तिला ‘टेम्पररी डिस्क’ असे नाव आहे. ज्या सर्व्हरना ती दिली जाते, त्यांत विंडोज असल्यास ती बहुधा ‘डी’ ड्राइव्ह म्हणून दिसते. हे अक्षर भारतीय वापरकर्त्यांची विशेष फसगत करू शकते. आपल्याकडील कार्यालयांत ‘सी’ ड्राइव्हवर विंडोज आणि ‘डी’ ड्राइव्हवर महत्त्वाची कागदपत्रे ठेवण्याची पद्धत वर्षानुवर्षे रुजली आहे. कारण विंडोज नव्याने घालावे लागले, तरी ‘डी’ सुरक्षित राहते. ॲझूरच्या अशा सर्व्हरवर स्थिती अगदी उलट असते. तेथे ‘सी’ टिकते आणि ‘डी’ जाते. सर्व्हरचे वाटप रद्द करून तो थांबवला, त्याचा आकार बदलला किंवा देखभालीच्या वेळी तो अन्य यंत्रावर हलवला गेला, तर या डिस्कवरील माहिती नष्ट होऊ शकते. याची पूर्वसूचना म्हणून त्या डिस्कवर माहिती गमावण्याचा इशारा देणारी एक मजकूर फाइलही आधीच ठेवलेली असते. ती उघडून वाचणारे मात्र थोडेच असतात.

गूगलच्या कॉम्प्यूट इंजिनमध्ये स्थानिक साठवणुकीला ‘लोकल एसएसडी’ आणि कायमस्वरूपी साठवणुकीला ‘पर्सिस्टंट डिस्क’ म्हणतात. देखभालीसाठी गूगल चालू सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवते, तेव्हा ज्या सर्व्हरना ही सोय आहे त्यांच्या स्थानिक डिस्कवरील माहितीही सोबत नेली जाते. परंतु वापरकर्त्याने सर्व्हर थांबवला, तर सर्वसाधारणपणे ती जाते.

ओपनस्टॅक या मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेल्या क्लाउडमध्ये आणखी एक वेगळेपण आढळते. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पातही ‘तात्पुरती डिस्क’ ही संज्ञा आहे. मात्र तेथे ती सर्व्हर नुसता थांबवल्याने सामान्यतः पुसली जात नाही, तर तो काढून टाकल्यावर नष्ट होते. कायमस्वरूपी डिस्कची जबाबदारी ‘सिंडर’ या घटकाकडे असते. एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला जातो तो असा. एका कंपनीकडे आलेला अनुभव दुसऱ्या कंपनीकडे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

मग तात्पुरती साठवण हवी कशाला?

इतका धोका असताना ही साठवण दिलीच का जाते, असे वाटणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर वेग आणि खर्च यांत आहे. स्थानिक डिस्क त्याच यंत्रात असल्याने मधला नेटवर्कचा प्रवास वाचतो. वाचन आणि लेखन दोन्ही अत्यंत जलद होते. शिवाय अनेक सेवांमध्ये तिची किंमत सर्व्हरच्या भाड्यातच समाविष्ट असते.

जी माहिती पुन्हा तयार करता येते किंवा जिची मूळ प्रत अन्यत्र आहे, तिच्यासाठी ही साठवण सर्वथा योग्य ठरते. चित्रफितीचे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करताना निर्माण होणारे मधले तुकडे, मोठ्या याद्यांची क्रमवारी लावताना लागणारी जागा, संकेतस्थळावर वारंवार मागितल्या जाणाऱ्या पानांच्या हाताशी ठेवलेल्या प्रती, स्मृती अपुरी पडल्यास वापरायची जागा, ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. शाळेतील पाटी ज्या कामासाठी असते, त्याच कामासाठी ही डिस्क आहे. पाटीवर आकडेमोड करावी आणि उत्तर वहीत उतरवावे, हा शिरस्ता येथेही लागू पडतो.

काही मोठ्या प्रणाली तर महत्त्वाची माहितीही जाणीवपूर्वक स्थानिक डिस्कवर ठेवतात. हडूपची फाइलप्रणाली किंवा कॅसँड्रा हा डेटाबेस प्रत्येक माहितीच्या अनेक प्रती, बहुधा तीन, वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतो. एक यंत्र गेले, तर उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत तयार होते. येथे टिकाऊपणा डिस्कमध्ये नसून प्रतींच्या संख्येत आहे. एकच सर्व्हर असलेल्या लहान संस्थेने मात्र याचे अनुकरण करू नये.

कायमस्वरूपी डिस्कची वैशिष्ट्ये

नेटवर्कमार्फत जोडलेली डिस्क सर्व्हरच्या आयुष्याशी बांधलेली नसते. सर्व्हर बंद असतानाही ती राहते. एका सर्व्हरपासून सोडवून ती दुसऱ्याला जोडता येते. सर्व्हर बिघडला, तर नवा सर्व्हर घेऊन त्याला जुनी डिस्क जोडली की काम पुढे सुरू करता येते. तिच्यावरील माहिती कंपनीच्या अनेक यंत्रांवर आपोआप लिहिली जात असल्याने एखादे साठवण यंत्र निकामी झाल्याचे ग्राहकाला बहुधा कळतही नाही.

तथापि तिच्याबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली गोष्ट खर्चाची आहे. या डिस्कचे भाडे वापरलेल्या नव्हे, तर राखून ठेवलेल्या जागेवर आकारले जाते आणि सर्व्हर बंद असला तरी ते चालूच राहते. वापरात नसलेल्या अशा विसरलेल्या डिस्कचे देयक महिनोन्महिने भरणाऱ्या संस्था दुर्मीळ नाहीत.

दुसरी गोष्ट स्थानाची आहे. सर्वसाधारण डिस्क एका विशिष्ट विभागातच, म्हणजे परस्परांपासून अलग ठेवलेल्या माहिती केंद्रांच्या एकाच गटात असते. ती त्याच विभागातील सर्व्हरला जोडता येते. तो विभागच बंद पडला, तर डिस्कही हाती लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ॲमेझॉन आणि गूगल या दोन्ही ठिकाणी सर्व्हर संपुष्टात आणला, की ज्या डिस्कवर कार्यप्रणाली आहे तीही सोबत काढून टाकली जावी, अशीच व्यवस्था सामान्यतः आधीपासून केलेली असते. ती बदलता येते. पण त्यासाठी ती आहे हे माहीत असावे लागते. ‘स्टॉप’ आणि ‘टर्मिनेट’ या दोन पर्यायांत चूक झाली, तर कायमस्वरूपी म्हणवली जाणारी डिस्कही अशा रीतीने जाऊ शकते.

कायमस्वरूपी म्हणजे अविनाशी नव्हे

एवढी काळजी घेतल्यानंतरही माहिती पूर्णतः सुरक्षित झाली, असे म्हणता येत नाही. ईबीएसच्या सर्वसाधारण डिस्क वर्षभरात ०.१ ते ०.२ टक्के प्रमाणात निकामी होऊ शकतात, असे स्वतः ॲमेझॉनच सांगते. म्हणजे हजार डिस्क असतील, तर वर्षाला एखाद-दोन जातील, हे कंपनीनेच गृहीत धरले आहे.

२१ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲमेझॉनच्या एका विभागात नेटवर्कमध्ये बदल करताना चूक झाली आणि वाहतूक कमी क्षमतेच्या मार्गावर वळवली गेली. त्यामुळे अनेक डिस्कचा आपल्या दुसऱ्या प्रतीशी असलेला संपर्क तुटला. संपर्क पूर्ववत होताच त्या सर्वांनी नवी प्रत ठेवण्यासाठी एकाच वेळी जागा शोधण्यास सुरुवात केली. उपलब्ध जागा संपली आणि संपूर्ण यंत्रणा अडकून पडली. ती सावरण्यास अनेक दिवस लागले. त्या विभागातील ०.०७ टक्के डिस्क, म्हणजे दहा हजारांत सात, अखेरपर्यंत सुस्थितीत परत मिळाल्या नाहीत. सुरक्षिततेसाठी उभारलेली यंत्रणाच त्या दिवशी संकटाला कारण ठरली.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहिती केंद्राला आग लागून एक संपूर्ण इमारत जळून गेली. काही ग्राहकांच्या मूळ माहितीसोबत त्यांच्या बॅकअप प्रतीही त्याच इमारतीत होत्या; दोन्ही एकदमच गेल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात लिथियम बॅटरीमुळे आग लागली. तेथील सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा नष्ट झाली. तिच्यात सुमारे ८५८ टेराबाइट माहिती होती आणि आकारमान फार मोठे असल्याच्या कारणाने तिची बाहेर दुसरी प्रत ठेवलेली नव्हती.

आग किंवा यंत्रबिघाड यांच्याइतकाच मनुष्याचा हातही कारणीभूत ठरतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा दुरुस्तीचे काम करताना चुकून मुख्य डेटाबेसच पुसण्यास सुरुवात केली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. त्यानंतर असे आढळले, की नियमित बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर आवृत्तीतील तफावतीमुळे अयशस्वी होत होते आणि त्याची सूचना देणारी पत्रे पोहोचतच नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत उपलब्ध होती, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या माहितीपुरते राहिले. त्याआधी जून २०१४ मध्ये ‘कोड स्पेसेस’ या कंपनीच्या क्लाउड खात्यात घुसखोराने प्रवेश मिळवला आणि डिस्क, त्यांच्या प्रती व बॅकअप असे जवळपास सर्व काही पुसून टाकले. बहुतेक साऱ्या गोष्टी एकाच खात्यात असल्याने कंपनीला व्यवसायच बंद करावा लागला.

या सर्व घटनांतून एक सूत्र हाती लागते. डिस्कच्या अंतर्गत प्रती यंत्रबिघाडापासून संरक्षण देतात. चुकीच्या आदेशापासून देत नाहीत. आपण एखादी फाइल पुसली, की ती सर्व प्रतींतून तितक्याच तत्परतेने पुसली जाते. त्यासाठी वेळोवेळी घेतलेल्या स्वतंत्र प्रती हाच उपाय आहे.

स्नॅपशॉट आणि बॅकअप

कायमस्वरूपी डिस्कची विशिष्ट क्षणीची प्रत घेण्याची सोय बहुतेक सर्व सेवांमध्ये असते. तिला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. पहिल्या वेळी संपूर्ण डिस्कची व पुढे केवळ बदललेल्या भागांची नोंद होत असल्याने त्याचा खर्च मर्यादित राहतो. ॲमेझॉनमध्ये हे स्नॅपशॉट एस-थ्रीच्या आधारे, एकाहून अधिक विभागांत जतन होतात. म्हणून एक विभाग बंद पडला, तरी दुसऱ्या विभागात त्यांवरून नवी डिस्क तयार करता येते. तात्पुरत्या डिस्कसाठी अशी सोय सहसा नसते; तिच्यावरील माहिती आपणच फाइलींच्या रूपाने अन्यत्र हलवावी लागते.

स्नॅपशॉट घेतेवेळी डेटाबेसमध्ये लेखन सुरू असेल, तर अर्धवट राहिलेल्या व्यवहारांसह प्रत निघते. म्हणून डेटाबेसची स्वतंत्र प्रत त्याच्या स्वतःच्या साधनाने घेणे इष्ट असते. ही प्रत निराळ्या शहरातील केंद्रात आणि शक्य असल्यास निराळ्या खात्यात ठेवावी, हा धडा वरील घटनांनी दिला आहे.

भारतातील स्थिती

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई परिसरात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. सरकारी कामकाजासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘मेघराज’ ही क्लाउड सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. माहिती देशातच ठेवूनही ती दोन भिन्न शहरांत जतन करणे त्यामुळे शक्य झाले आहे.

या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. संगणक सुरक्षेशी संबंधित राष्ट्रीय संस्था असलेल्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्था यांना आपल्या संगणक प्रणालींच्या घडामोडींच्या नोंदी, म्हणजेच ‘लॉग’, १८० दिवस सुरक्षित जतन करणे आवश्यक आहे. या नोंदी आकाराने मोठ्या असतात आणि सतत लिहिल्या जातात. त्यामुळे त्या वेगवान तात्पुरत्या डिस्कवर लिहाव्यात, असा मोह तंत्रज्ञांना होतो. तसे केल्यास सर्व्हर एकदा थांबवताच सहा महिन्यांच्या नोंदी नाहीशा होतील. सायबर हल्ल्यानंतर तपासासाठी याच नोंदींची सर्वप्रथम गरज भासते.

काय तपासून पाहावे?

क्लाउड सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या तंत्रज्ञाला किंवा सेवा पुरवठादाराला पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

१. आपल्या सर्व्हरला किती डिस्क आहेत आणि त्यांपैकी तात्पुरती कोणती?

२. डेटाबेस, वापरकर्त्यांनी पाठवलेल्या फाइली आणि लॉग नेमके कोणत्या डिस्कवर लिहिले जातात?

३. सर्व्हर रीबूट केला, थांबवला, त्याचा आकार बदलला किंवा तो संपुष्टात आणला, तर प्रत्येक डिस्कचे काय होते?

४. सर्व्हर संपुष्टात आणताना सोबत डिस्कही काढून टाकण्याची व्यवस्था चालू आहे की बंद?

५. बॅकअपची प्रत कोठे आहे, ती कोणाच्या खात्यात आहे आणि तिच्यावरून माहिती परत मिळवण्याची चाचणी शेवटची केव्हा घेतली?

यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर न मागता प्रत्यक्ष पाहता येते. प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी नव्या सर्व्हरच्या प्रत्येक डिस्कवर एकेक लहान फाइल ठेवावी, सर्व्हर नियंत्रण पटलावरून थांबवावा आणि काही वेळाने सुरू करावा. जी फाइल सापडणार नाही, ती डिस्क तात्पुरती समजावी. रीबूट करून घेतलेली चाचणी मात्र ग्राह्य धरू नये. वाचनालयाच्या उदाहरणातील दिशाभूल नेमकी तेथूनच झाली होती. एखादी फाइल टिकली, म्हणून ती डिस्क कायमस्वरूपीच आहे असाही निष्कर्ष काढू नये. त्यासाठी सेवेच्या अटी वाचणे आवश्यकच आहे.

पूर्वी माहिती कोठे आहे असे विचारले, तर टेबलाखालच्या यंत्राकडे बोट दाखवता येत असे. क्लाउडने ते यंत्र दृष्टीआड केले आणि त्याच्या देखभालीची चिंताही बरीच कमी केली. कोणती माहिती टिकली पाहिजे हे ठरवण्याचे काम मात्र कोणत्याही कंपनीने ग्राहकाकडून आपल्याकडे घेतलेले नाही. वाचनालयातील स्वयंसेवकांच्या दुरुस्त्या असोत किंवा रुग्णालयातील नोंदी असोत, त्या पाटीवर लिहायच्या की वहीत, हा निर्णय आजही संस्थेलाच घ्यावा लागतो आणि तो सर्व्हर थांबवण्याच्या आधी घ्यावा लागतो.